दारातली टेल्को

गेल्या दिवाळीत (२०२५) गावी गेलो होतो. गाव म्हणजे धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता दादानं विषय काढला.

"लिंबाखालच्या गाडीचं काय करायचं ते या वेळेस ठरवूनच जा. मला तिथं शेड टाकायचंय."

लिंबाखालची गाडी म्हणजे आमचा ट्रक. टाटा १२१०, सन १९८८ची. गावात तिला अजूनही सगळे 'टेल्को'च म्हणतात, कंपनीचं नाव बदलून वीसेक वर्षं झाली तरी. २०१४ सालच्या उन्हाळ्यात ती लिंबाखाली उभी राहिली ती उभीच. टायर बसले, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या, आणि बघता बघता निळा रंग जाऊन सगळी गाडी विटकरी झाली.

घरात तीन मतं. दादाचं म्हणणं, भंगारात द्या. तात्यांचं (म्हणजे आमच्या चुलत्यांचं) म्हणणं, दुरुस्त करा. त्यांनी ती चौदा वर्षं चालवली आहे, त्यामुळे त्यांचं मत काय असणार ते ठरलेलंच. आत्यानं फोनवरून सांगितलं की पाडव्याच्या तोंडावर घरातली लक्ष्मी विकायच्या गोष्टी करू नका. अण्णा काहीच बोलले नाहीत. मग सगळ्यांनी मिळून निवाडा माझ्यावर ढकलला. शिकलेला, पुण्यात राहणारा, आणि मुख्य म्हणजे गाडीशी काही संबंध नसलेला!

खरं सांगतो, मला मनातून ती ठेवायची होती. हल्ली पुण्याच्या आसपास ढाब्यांच्या दारात जुन्या गाड्या रंगवून, दिवे लावून ठेवतात. तसं काहीतरी डोक्यात होतं. पुतण्यांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढावेत, वगैरे. पण मी इतिहासाच्या नादी लागलेला माणूस. म्हटलं, निकाल द्यायचा तर आधी ही गाडी म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ.

बीडकडे बघताना नकाशावर रेल्वेचे रूळ बघावेत. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली नगरवरून गेला. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११पर्यंत लातूरला पोचली. मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९००च्या सुमारास जालना-परभणीवरून गेला. पुढे निझामाच्याच काळात परळीला रूळ आले, पण ते जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. म्हणजे पश्चिमेला, दक्षिणेला, उत्तरेला, पूर्वेला, सगळीकडून रूळ गेले आणि मधलं बीड शहर कोरडंच राहिलं. आमच्या भागातला माल रुळापर्यंत न्यायचा तर बैलगाडीच. निझामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ साली २७ गाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली, पण ती मुख्यतः माणसांसाठी. कापूस, ज्वारी, खत, कडबा यांना वाली कोण? तर ट्रक.

अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२मध्ये. आणि बीड शहरात पहिली रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. आमची टेल्को लिंबाखाली उभी राहून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आता यातली एक गंमत सांगतो. टेल्को या नावातला 'ल' म्हणजे लोकोमोटिव्ह. टाटांनी ही कंपनी १९४५ साली काढली ती रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायला, जमशेदपूरला. ट्रक नंतर आले. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि तोंडावर तीन टोकांची चांदणी असलेले ट्रक तिथून बाहेर पडायला लागले. करार १९६९ला संपला, चांदणी गेली आणि तिथं इंग्रजी 'टी' आला. पण हाडं तीच राहिली. पुढे छोटं नाक, सहा सिलिंडरचं इंजिन, आणि नावातच सगळा हिशेब : १२१० म्हणजे मालासकट सुमारे बारा टन वजन आणि शंभराच्या आसपास अश्वशक्ती. रेल्वेची इंजिनं बनवायला निघालेल्या कंपनीची गाडी, जिथं रेल्वे नव्हती तिथं रेल्वेचं काम करत होती.

आजोबा १९७२च्या दुष्काळाचं सांगायचे तेव्हा त्यात ट्रक असायचाच. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी ट्रकमधून यायची आणि गाडीचा आवाज घाटात ऐकू आला की लोक वेशीत जमायचे. म्हणून मग ट्रक घेणं ही आमच्याकडे नुसती धंद्याची गोष्ट नव्हती. दारात टेल्को असणं म्हणजे घर वर आलं असा त्याचा अर्थ होता.

पण आमच्या दारात ती नवी आली नाही. अण्णांनी २००० साली जुनी घेतली. तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि हा बारा आकडा काही योगायोग नव्हे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट मिळत नाही. म्हणजे देशभर फिरायची मुभा संपते. मग पुण्या-मुंबईचा वाहतूकदार ती विकतो, आणि ती येते आमच्यासारख्या ठिकाणी, राज्यातल्या राज्यात चालायला. तिथून पुढे ऊस, मग वाळू, मग राख, मग लिंबाचं झाड. ही उतरंड आहे. नदीचा गाळ जसा उताराच्या शेवटी साचतो तशा देशातल्या म्हाताऱ्या गाड्या दुष्काळी जिल्ह्यांत येऊन साचतात. लहानपणी मला वाटायचं आपल्याकडे गाडी आली. खरं तर दुसऱ्यांनी टाकलेली गाडी आपण उचलली होती. अर्थात त्याचाही आनंद खराच होता. अण्णांनी नारळ फोडला, आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, आणि आम्ही मुलं केबिनच्या टपावर बसून गावाला चक्कर मारून आलो.

असो. भाऊबीज झाल्यावर तात्यांनी अंबाजोगाईहून त्यांच्या ओळखीचे मिस्त्री आणले. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी केबिनकडे बघितलंसुद्धा नाही. हातोडी घेतली आणि सरळ गाडीखाली सरपटत गेले. पुढून ठोकत ठोकत मागं. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. मध्ये एका ठिकाणी आवाज बदलला. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. मागच्या कमानीचा पाटा जिथं चासीला अडकवलेला असतो, ती जागा. मिस्त्रींनी पेचकस लावला आणि हातानंच दाबला. आत गेला! पापुद्र्यांचा एक चांगला जाडजूड ढलपा खाली पडला, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा.

मी विचारलं, "आपल्याकडे पाऊसच नाही, तर एवढा गंज कुठून आला?"

मिस्त्री हसले. "पावसानं गंजलेली गाडी वरून गंजती, साहेब. ती रंगवता येती. ही मालानं गंजलीया. आतून."

मग त्यांनी जे दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. चासीचे दोन लांब बीम असतात, इंग्रजी 'सी'सारख्या म्हणजे एका बाजूनं उघड्या पन्हळीचे. वरच्या फळ्यांच्या फटीतून जे सांडतं ते त्या पन्हळीच्या खालच्या पाळीत साचून राहतं. बोटानं खरवडलं तर थर निघाले. पांढरट कडक खडे, ते खताचे. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, मिठासारखंच, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. त्याच्या शेजारी काळा चिकट थर, तो उसाचा. रस गळतो, आंबतो, आम्ल होतो आणि लोखंड खातो. त्यावर करड्या रंगाचा सिमेंटसारखा थर. ही परळीच्या औष्णिक केंद्राची राख, वीटभट्ट्यांना जाणारी. राख ओल धरून ठेवते. आणि या सगळ्यात गोदावरीची वाळू, जी भरतानाच ओली असते. शिवाय गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मधे शिरला की फुगत जातो आणि रिव्हेट उपटून काढतो.

मला एकदम वाटलं की ही वही आहे. आमच्या घरात २०००पासूनच्या धंद्याची एकही वही शिल्लक नाही. अण्णांनी हिशेब ठेवले ते सिगारेटच्या पाकिटांवर. आणि इथं सगळी नोंद होती, थरावर थर, तारखा तेवढ्या नाहीत. खरिपाआधी खत, दिवाळीनंतर ऊस, उन्हाळ्यात वाळू आणि राख. सगळ्यात वर वाळलेल्या उसाच्या वाढ्यांचा भुसा, तो २०१३च्या दुष्काळातल्या चारा छावण्यांचा. ती तिची शेवटची मोठी कामगिरी. एका जिल्ह्यानं काय पिकवलं, काय विकत आणलं आणि काय विकलं, ते सगळं त्या पन्हळीत होतं.

फक्त एका मालाची नोंद नव्हती, कारण तो माल गंजवत नाही. माणसं.

आमच्याकडच्या लोकांना हे सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी लिहितो. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात, सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे, आणि कर्नाटकातही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कारखाना वाहतूकदाराला उचल देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम कोयत्यांना. आमचे अण्णा वाहतूकदार. ट्रकमध्ये टोळी चढायची. पाल्याच्या खोप्यांचे बांबू, भांडी, शेळ्या, कोंबड्या, म्हातारी माणसं, पोरं. मालाच्या गाडीत माणसं नेऊ नयेत हा कायदा तेव्हाही होता. आणि मी फळीवर उभा राहून हात हलवायचो, कारण माझ्या वर्गातला एक मित्रही त्या गाडीत असायचा. सातवीत आम्ही एका बाकावर बसायचो. दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी. पाडव्याच्या आसपास तो परत यायचा तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असायची. आठवीत तो आलाच नाही.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. तो आता गावातच असतो, ट्रॅक्टर चालवतो. मिस्त्री आले त्या संध्याकाळी तोही बघायला आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. फाळक्याला हात लावला.

मी म्हटलं, "आठवते का रे?"

"न आठवायला काय झालं? माय उठायची ना हिच्या हॉर्नवर."

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. दिवसभर तोड झाली की झोपायचं. पण कारखान्यावर रांग असायची, गाडी रिकामी होऊन फडावर यायला रात्रीचा एक वाजायचा, दोन वाजायचे. तात्या फडाच्या कडेला येऊन हॉर्न द्यायचे आणि सगळ्या टोळीनं उठून गाडी भरायची. तोडणाऱ्यांनीच भरायची, तशीच रीत. बायका डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढायच्या, थंडीत, बॅटरीच्या उजेडात. त्याची आई एकदा फळीवरून घसरली आणि त्या हंगामात पुन्हा उभी राहिली नाही. आठवीत तो शाळेत आला नाही, कारण कोयता अर्धा राहिला होता. तो अर्धा यानं भरून काढला.

हे त्यानं कुठलाही राग न ठेवता सांगितलं. तात्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "मी तरी काय झोपायचो का रं?" आणि तेही खरंच. अण्णांचंही खरं होतं. एका वर्षी उचल घेऊन अर्धी टोळी आलीच नाही, कारखान्याचं कर्ज अण्णांच्या अंगावर आलं आणि दोन एकर रान गेलं. सगळेच त्या गाडीला जुंपलेले. पण जुंपलेले असले तरी कोण केबिनमध्ये होतं आणि कोण फळीवर, हा फरक उरतोच ना!

आता पुन्हा निवाड्याकडे.

मिस्त्रींनी हिशेब मांडला. चासीचा मागचा अर्धा भाग नवा करावा लागेल. नुसती पट्टी ठोकून वेल्डिंग मारता येईल, पण तापवलेलं लोखंड शेजारी कमजोर होतं, आणि भरल्या गाडीत ते धारूरच्या घाटातच सांगेल. केबिन, बॉडी, सहा टायर आणि स्टेपनी. साडेचार लाखांच्या आत काही नाही. वर फिटनेस. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी एप्रिल २०२२पासून कितीतरी पटींनी वाढली आहे. शिवाय २०१०पासूनचा पर्यावरण कर.

तात्या म्हणाले, "इंजिन दोनदा बोअर केलं. केबिन २००६ला नवी बांधली. गिअरबॉक्स बदलला. रेडिएटर बदलला. प्रत्येक वेळी दुरुस्तच केली ना? मग आत्ताच का नको?"

प्रश्न बिनतोड होता. जुन्या टेल्को कंपनीतून निघायच्या त्या नुसत्या चासी आणि इंजिन अशा, पुढं काच अडकवायला एक सांगाडा. केबिन आणि मागची बॉडी इथले सुतार-लोहार बांधायचे. त्यामुळे ही गाडी पहिल्यापासून बदलत राहण्यासाठीच होती. फळ्या बदला, केबिन बदला, इंजिन बदला, गाडी तीच. कागदोपत्री गाडीची ओळख म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर. आणि आमच्या गाडीत जुनं असं एकच उरलं होतं, ते म्हणजे चासी. नेमकी तीच गेली होती. गीतेत आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो. इथं वस्त्रं सगळी नवी आणि आत्म्यालाच गंज, असा प्रकार.

मग माझा आवडता पर्याय : चालवायची नाही, नुसती रंगवून ठेवायची. रात्री तात्यांपुढे तो मांडला. ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "चालायची नसेल तर कशाला? लोक म्हणतील मुडदा सजवलाय."

मलाही मनातून पटलं. रंगवायची म्हणजे आधी घासायची. ते थर, खत, रस, राख, सगळं घासून टाकायचं आणि वर चकचकीत निळा रंग मारून 'आमची परंपरा' म्हणून दारात लावायची. हे जतन नव्हे, ही रंगरंगोटी. आणि त्या मित्रानं रोज शेताला जाता-येता ते बघायचं? दुसरा एक पर्याय दादानं हळूच काढला होता : पट्टी मारून, रंग देऊन कुणाला तरी विकायची. घेणारे आहेत. आमच्या खालीही उतरंड आहेच. पण मग ती अजून एका फडावर गेली असती आणि मोडक्या चासीवर अजून एक टोळी बसली असती. तिथं मात्र अण्णा पहिल्यांदा बोलले. "न्हाई. आता हितंच संपू द्या."

मी निकाल दिला : मोडायची. ती मोडल्यावर जी सोय मिळते ती दादानं वापरायची. १३ ऑगस्ट २०२१ला जे वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं, त्यात नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडली की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत. दादानं एक छोटा हत्ती घ्यायचं ठरवलं. टोळी न नेणारी, दूध आणि भाजी नेणारी गाडी.

कागद जुळवायलाच दोन महिने गेले. संक्रांतीनंतर ट्रेलर आला, क्रेननं टेल्को उचलली आणि ती नगर रस्त्यानं पुण्याकडे गेली. मी सोबत होतो. केंद्रावरच्या माणसाला विचारलं, चासी नंबर ठोकलेला तेवढा तुकडा आम्हाला मिळेल का, घरी ठेवायला. तो म्हणाला, नाही. नियमाप्रमाणे तो कापून सहा महिने आमच्या ताब्यात ठेवावा लागतो. तात्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं. त्याची काय पूजा करायचीय?" पण आवाज घोगरा होता.

गाडी जायच्या आदल्या दिवशी मी पन्हळीतले थर खरवडून एका काचेच्या बरणीत भरले. आई म्हणाली, पुण्याला काय हे नेतोस! नेले. माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत. आत्या, तू येशील तेव्हा दाखवीन. लक्ष्मी विकली म्हणून रागावू नकोस, पाडवा होऊ दिला होता.

आणि फाळका मित्रानं मागून घेतला. मीच विचारलं होतं, तुला यातलं काही हवंय का. म्हणाला, "फाळका दे. गोठ्याला दार नाही." लाकूड अजून चांगलं होतं. त्यावर पिवळ्या रंगात 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात २०१५ साली त्या अक्षरांवर बंदी आली, पण आमची गाडी त्याआधीच उभी होती म्हणून ती राहून गेली. शिमग्याला गेलो तेव्हा बघून आलो. दार छान बसलंय. त्याची आई अंगणात बाजेवर बसली होती. मी विचारलं, "माय, ओळखलं का हे दार?"

"ओळखलं की," ती म्हणाली. "आता वाजत न्हाई."